पलीकडची रेती

नागपूर, २ मार्च २०२४

प्रिय वहिनी,

नदीवरचा बंधारा पाडायला घेतला, असा तुझ्या मुलाचा, विक्कीचा निरोप आला. एवढी मोठी बातमी मला उमरेडच्या कोळसा खाणीतून यावी आणि बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या भावजयीकडून येऊ नये, याला काय म्हणायचं? मला फोनवर ऐकू येत नाही हे खरं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, कानाला हेडफोन लावून अख्ख्या विदर्भाची भांडणं जोडून दिली, त्यात दोन्ही कान गेले. पण डोळे शाबूत आहेत आणि पोस्टमन अजून येतो. तू चौथी शिकलीस ती काय फक्त रेशनच्या दुकानात सही करायला? मोबाइलवर मेसेज पाठवू नकोस. त्या एवढ्याशा पट्टीत माझा राग मावत नाही.

ज्या गिरणीसाठी तो बंधारा बांधला, ती बंद पडून तिथे लग्नाचं लॉन झालं. भिंत मात्र तशीच उभी. ती बांधत होते तेव्हा दादा म्हणाला होता, "पाणी अडवतील तर अडवू दे, रेती तर आपलीच आहे ना." पाण्याबरोबर रेतीही भिंतीमागे अडते, हे त्या बिचाऱ्याला काही पावसाळे गेल्यावर कळलं. भिंतीवरून खाली येणारं पाणी उपाशी असायचं. त्याने आपल्या काठची सगळी रेती खाल्ली आणि खाली खडक उघडा पाडला. आपली डांगरवाडी गेली. दिवाळीनंतर रेतीत आळी खणून टरबूज, डांगर, काकडी लावणारा माझा भाऊ शेवटी लोकांच्या बंगल्यांवर चौकीदारी करून मेला. बाबा निदान कॉन्व्हेंटच्या बागेत माळी होते. संध्याकाळी झाडांशी बोलायचे. दादाला बोलायला लोखंडी गेट होतं.

आता रेती परत येईल, आणि नियम तोच राहील. दिवाळीच्या पाडव्याला ज्या काठावरून कोरड्या पायाने रेतीवर जाता येईल, त्या काठाची रेती. पलीकडच्या आमडोहवाल्यांवर नजर ठेव. तिथे अजून चंपतरावाचंच चालतं ना? माझा मामेभाऊ असला तरी माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. आईच्या तेरवीला पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कॉन्व्हेंटात शिकून बाईले सगळं आलं, गप्प बसणं तेवढं राहिलं." त्यानंतर मी त्याच्या गावात पाय ठेवलेला नाही.

आणि हो, तू विक्कीला काय कबूल करून बसलीस तेही मला कळलं. दिवाळीपर्यंत रेती आली नाही, तर घर सोडून त्याच्या क्वार्टरमध्ये जाणार म्हणे. दोन खोल्या, वर पंखा, खाली फरशी. तिथे तू करणार काय? उत्तर पाठव.

सुमती


नेरघाट, १९ मार्च

सुमतीबाईले प्रयागचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. पोस्टमन म्हणे, "इतकं जाड पाकीट कोर्टातूनच येते." मी म्हटलं, कोर्ट बरं, तिथं वकील तं भेटते.

बंधारा तोडून राहिले हे खरं. सडक आपल्या काठानं हाय म्हणून यंत्र आपल्याकडूनच चढलं. आपल्या अंगची भिंत पडली तसं पाणी असं धावलं का सारा गाव काठावर. पोट्टे नाचून राहिले होते. मले तुमचे दादा आठवले, रडू आलं, मंग गर्दीत शेजारच्या हर्षानं पायावर पाय देल्ला तं रडणं राहिलंच.

पण बाई, त्यानंतर जे आलं ते रेती नव्हे. काळा चिखल. भिंतीमागचं सारं सडलेलं निघालं. मासे पोट वर करून वाहून गेले. नाका-तोंडाले पदर लावल्याबिगर काठावर जाता येत नाई. बकऱ्या पाण्याले तोंड लावत नाई. माह्या लुगड्याचा वास जात नाई. इतक्या सालांनी नदी मोकळी झाली अन् आमच्या दारात काय आणून टाकलं तं हे. असं वाटते, भिंत होती तेच बरं होतं.

इतकं लिहून हात दुखला. तब्येतीले जपा.

प्रयाग


नागपूर, २८ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून चहा तसाच थंड झाला.

ह्यांनी आधी रेती नेली आणि आता घाण परत करतात! मी गप्प बसणार नाही. चार ठिकाणी अर्ज टाकले आहेत, इंग्रजीत आणि मराठीत, रजिस्टर्ड पोस्टाने. एका वृत्तपत्रालाही पाठवला. अर्ज कसा लिहावा हे आम्हाला सिस्टर अ‍ॅग्नेसने छडी हातात घेऊन शिकवलं होतं. पहिल्या परिच्छेदात नम्रता, दुसऱ्यात तक्रार, तिसऱ्यात अशी धमकी की जी धमकी आहे हे वाचणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं. मेलेले मासे, बकऱ्या, तुझं लुगडं, सगळं घातलं आहे. लुगड्याला 'ग्रामस्थांची वस्त्रे' म्हटलं आहे.

काळजी करू नकोस. हे काम मी थांबवते.

सुमती


नागपूर, २४ एप्रिल

प्रिय वहिनी,

थांबलं! आजच पत्र आलं. 'ग्रामस्थांच्या तक्रारी विचारात घेऊन पुढील आदेशापर्यंत काम स्थगित.' मी ते वाचून दाखवायला शेजारच्या मिनलला बोलावलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने टाळ्या वाजवल्या.

तुझं एका ओळीचंही पत्र नाही. आनंदाने वाचा गेली की काय?

सुमती


नेरघाट, ९ मे

सुमतीबाईले नमस्कार.

वाचा गेली नाई. काय लिहू तेच समजेना.

यंत्र गेलं. जातानी डायव्हर हात जोडून म्हणे, "मावशी, तुमच्याच गावातून अर्ज आला म्हणे." गावात कोणी अर्ज करणारं नाई, तवा सारे माह्याकडं पाहाले लागले. बाई, मी तं नुसतं मन मोकळं केलं होतं. माणूस भावजयीच्या नाई तं नणदीच्या गळ्यात पडून बोलते, तसं. तुमी त्याचा अर्ज कराल हे मले काय माहीत?

आता आयका. काळं पाणी पंधरवड्यात निवळलं. त्याच्यामागून बारीक रेती याले लागली होती, पायाले लागत होती. तेवढ्यात काम बंद झालं. आता आपल्या अंगची अर्धी भिंत पडून हाय अन् पलीकडची अर्धी उभी. सारी नदी आपल्या काठाले घासून जाऊन राहिली.

अन् एक सांगाचं राहिलं. काम चालू व्हाच्या आधी शाळेत सभा झाली होती. तिथं सायबानं सांगतलं होतं का पहिले काळं येईन, मंग पांढरं, घाबरू नका. मी तवा हर्षासंगं सतरंजीवरून भांडून राहिली होती, म्हणून अर्धंच आयकलं. अन् आयकलं तेवढं खरं काहून माना? भिंत बांधतानीबी सायबच आले होते, तेबी असंच म्हणत होते का घाबरू नका. म्हणून तुमाले लिहिलं नाई.

रागवा, पण लवकर रागवून मोकळ्या व्हा. पावसाळा जवळ हाय.

प्रयाग


नागपूर, १६ मे

वहिनी,

सतरंजी! एका सतरंजीसाठी तू ते वाक्य गाळलंस, आणि मी त्या गाळलेल्या वाक्यावर चार अर्ज उभे केले. एक्स्चेंजमध्ये एखादी मुलगी अर्धा निरोप जोडून द्यायची, तेव्हा मी तिला दिवसभर स्टुलावर बसू द्यायची नाही. तुला मी काय शिक्षा करणार? तू तर नदीत उभी आहेस.

ताबडतोब काम सुरू करा, असा दुसरा अर्ज मी स्वतः नेऊन दिला. तिथला तरुण अधिकारी मोठा सभ्य होता. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्याने कागदावर लिहिलं, "मॅडम, आधी आपणच थांबवायला सांगितलं होतं." मी खाली लिहिलं, "मॅडमने नव्हे, मेलेल्या माशांनी." तो हसला. मग त्याने लिहिलं की पावसाळ्यात यंत्र नदीत उतरवता येत नाही आणि आता जे काही व्हायचं ते पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. तो कागद मी पर्समध्ये ठेवला होता. घरी येऊन फाडला.

काठापासून दूर राहा. बकऱ्यांचा कोठा आधी हलव. मला रोज एक ओळ तरी लिही.

सुमती


नेरघाट, ३ सप्टेंबर

सुमतीबाईले नमस्कार.

रोज लिहाचं म्हटलं तं रोज काय लिहू? पाणी आलं, पाणी आलं, पाणी आलं.

कोठा गेला. बकऱ्या आदल्या दिवशी हर्षाच्या घरी नेल्या होत्या, त्या वाचल्या. अर्धी भिंत उभी म्हणून सारा पूर आपल्याच अंगानं घुसला. काठ असा कापला जशी कोणी भाकर मोडावी. तुमचे बाबा सुट्टीले आले का जिथं जाळं वाळवत होते ते मोहाचं झाड उभ्यानं चाललं गेलं. मी पाहून राहिली होती. झाड जाताना डोलत होतं, जसं का त्याले जाचंच होतं. आता माह्या घराच्या मागच्या भिंतीपासून नदी दिसते. पहिले आवाज येत होता, आता दिसते.

अन् रेती आली बाई.

पाणी उतरलं तं दिसली. पांढरी, उन्हात डोळ्याले लागे अशी. इतकी का तुमचे दादा पाहाले असते तं रेतीवर लोळले असते. पण पलीकडं. जी भिंत उभी राहिली तिच्या आडोशाले सारी जमा झाली, आमडोहच्या काठाले चिकटून. त्यायच्या बकऱ्या चालत येते रेतीवर. अन् आपल्या काठाले एवढा खोल डोह का बांबू बुडते.

कोरडं पाऊल त्यायचं.

विक्की येऊन गेला. मागची भिंत पाहिली, म्हणे दिवाळीले टेम्पो आणतो. मी हो म्हटलं. दिवाळीपर्यंत रेती आली नाई तं, असं म्हटलं होतं ना? आली, पण आपल्याकडं नाई. मी जातं बांधून ठेवलं. सगळ्यात जड तेच पहिले बांधलं.

प्रयाग


नागपूर, १२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

जातं सोड.

तुझं पत्र आल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. मिनल विचारत होती, काही हरवलं का? मी म्हटलं, हो, मोहाचं झाड.

मी वकिलाला विचारलं. त्याने विचारलं, रेतीची मालकी कोणाच्या नावे आहे? मी म्हटलं, कोरड्या पावलाच्या. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग मला वाटलं, डोहात पोती टाकून वाट करावी. मग वाटलं, चंपतरावाला असं पत्र लिहावं की वाचता वाचता त्याच्या हाताला फोड यावेत. लिहिलंही. पाठवलं नाही. आजवर मी न पाठवलेलं हे पहिलंच पत्र.

वहिनी, आजपर्यंत तुला मी सांगत आले. आता तू मला सांग. तुझं घर जाऊ नये म्हणून मी काय करू? जे सांगशील ते करीन.

सुमती


नेरघाट, ७ ऑक्टोबर

सुमतीबाईले नमस्कार.

जे सांगीन ते करीन म्हटलं ना? पत्र सांभाळून ठेवलं हाय. आता फिरू नका.

तुमची आई आमडोहची. म्हणजे तुमी आमडोहच्या भाची. भाचीचा पाय आपल्यात देवाचा पाय. तिच्यापुढं मामा वाकते, मामेभाऊबी वाकते. हे तुमाले कॉन्व्हेंटात शिकवलं नसन. पाडव्याले, वाटणीच्या दिवशी, भाची रेतीवर येऊन उभी राहिली तं तिले रिकामं पाठवत नाई. पाया पडते अन् रेतीचा तुकडा आखून देते. मंग त्याच्यात तिनं कोणालेबी राबवावं, तिच्या भावजयीलेबी. मायी सासू सांगे का तिच्या काळात एक भाची थेट बालाघाटाहून बैलगाडीनं आली होती.

पण एक हाय. भाचीनं मांगाचं नसते. एक शब्दबी नाई. बोलली का ती भाची राहत नाई, मांगणारी होते, अन् मांगणाऱ्याले कोणी पाया पडत नाई. नुसतं उभं राहाचं. कोणी काही म्हणो.

मले माहीत हाय मी तुमाले काय करा म्हणून राहिली. उपास करा म्हटला असता तं सोपा होता.

मी येऊ शकत नाई. मी या काठची सून. मी इकडून पाहीन. विक्कीले म्हटलं, पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत थांब.

तोंड बंद राहत असन तरच या. नाई तं घरीच दिवाळी करा.

प्रयाग


नागपूर, १६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

अशक्य. ज्या माणसाने माझ्या आईच्या तेरवीला माझ्या तोंडाचा उद्धार केला, त्याच्यासमोर मी तेच तोंड मिटून उभी राहू? तो बोलेल, गाव हसेल, आणि मी मुकी? निवृत्तीच्या दिवशी आमच्या साहेबाने भाषणात माझं वर्णन 'मितभाषी' असं केलं, तेव्हा भर सभेत उठून मी त्याची चूक सुधारली होती. शिवाय देवाचा पाय वगैरे मी मानत नाही. आणि जो हक्क आहे तो मुक्याने का घ्यायचा? हक्क असेल तर तो बोलून घेता आला पाहिजे. हा नियम ज्याने केला, त्याच्या घरात नक्कीच एखादी माझ्यासारखी बाई असणार.

नाही. मी येणार नाही.

किती वाजता उभं राहायचं असतं? चपला घालायच्या की नाही?

सुमती


नागपूर, ५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू पलीकडच्या काठावर पिवळ्या लुगड्यात उभी होतीस ते मला दिसत होतं. पण तिथून तुला काही ऐकू आलं नसेल. मलाही फारसं ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात. आमडोहच्या रस्त्यानेच परत आले, म्हणून हे लिहिते.

चपला हातात घेतल्या. रेती वरून ऊन आणि आतून गार. हे मी विसरले होते. पायांना आठवलं.

मी रेतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पुरुष दोऱ्या घेऊन आखत होते. सगळे थांबले. चंपतराव काठी टेकत आला. म्हातारा झाला आहे, पण नजर तशीच चोरासारखी. समोर उभा राहून म्हणाला, "कोण पाव्हणी हो?" ओळखलं होतं मेल्याने. मी गप्प.

"नागपूरच्या बाई दिसते. कायले आल्या वं बाई? फोन लागला नाई का?" सगळे हसले. मी गप्प. वहिनी, त्या वेळी माझ्या जिभेवर जे होतं ते कागदावर लिहिलं तर पोस्टखातं परत करील.

मग म्हणाला, "मासे मेले म्हणून अर्ज केला होता ना तुमी? काम थांबवलं, आमाले रेती भेटली. आमी तं तुमचा फोटो लावणार होतो." आता कोणी हसलं नाही. कारण हे खरं होतं, आणि तोही ते हसून म्हणाला नव्हता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. बहुतेक.

त्याने बराच वेळ घेतला. एक म्हातारी ओरडली, "चंपत, भाचीले उन्हात ठेवते का रे?" तेव्हा तो हळूच पुढे झाला आणि एवढ्या हलक्या आवाजात बोलला की मी फक्त ओठांवरून ओळखलं. "आत्या होती तुयी माय आमची. तेरवीले मी बोललो, ते बोलाले नोको होतं." मग काठी टाकली आणि खाली वाकला. त्याचे गुडघे गेले आहेत. दोघांनी धरलं. माझ्या पायावर हात ठेवून तसाच राहिला. भक्तीने की उठता येईना म्हणून, कोण जाणे.

मी तेव्हाही बोलले नाही. त्याला धरून उठवलं मात्र. उठवायला कोणी मनाई केली नव्हती.

तुकडा दिला आहे, शेपटीकडचा, पाण्याला लागून. सगळ्यात वाईट. हाताने उकरलं तर खाली काळं लागतं. हे मला तिथेच सांगायचं होतं. एस. टी. सुटेपर्यंत दातांखाली धरून ठेवलं, आणि मग शेजारी बसलेल्या एका निरपराध माणसाला काटोलपर्यंत पुरेल एवढं ऐकवलं. तो नागपूरला उतरणार होता, कामठीलाच उतरला.

नावाने तुकडा माझा, हात तुझे. नदी ओलांडायला डोंगा कोणाचा घेशील? विक्कीचा टेम्पो रिकामा परत पाठव. जातं सोडलंस का?

सुमती


नेरघाट, २६ जानेवारी २०२५

सुमतीबाईले नमस्कार.

जातं सोडलं. विक्कीनंच सोडलं. रागानं सोडलं, पण सोडलं. मंग टेम्पोत बकऱ्यांच्या कोठ्यासाठी बांबू आणले. मागच्या भिंतीले पोती लावून देल्ली. हर्षाच्या डोंग्यानं रोज पलीकडं जातो आम्ही. ती वल्हवते अन् सारी नदीभर सतरंजीचं काढते.

तुमी म्हणे वाईट तुकडा. खाली काळं हाय म्हणून खतच कमी लागलं. वेल असे पसरले का चंपतराव येऊन दोनदा पाहून गेला. पण शेवटची दोन आळी पाण्यानं नेली, ती गेली. पिवळी फुलं लागली हाय.

परवा यंत्र आलं. तुमच्या दुसऱ्या अर्जाचं. उरलेली भिंत पाडाले. मी कपाळाले हात लावला, म्हटलं बाईचा अर्ज पोचते तं असा पोचते. भिंत गेली का ही रेती इथं राहणार थोडी? चंपतराव काठी टेकत डायव्हरजवळ गेला. मले वाटलं आता हाणते. त्यानं चहा मांगवला, म्हणे, "भिंत पाडा बावा, पाडालेच पाह्यजे. पण डांगर निघू द्या." डायव्हर सायबासंगं फोनवर बोलला. म्हणे, मेपर्यंत थांबतो. तुमी कोणाले काही लिहू नका. हात जोडून सांगतो.

मंग तो माह्या आळ्याजवळ येऊन बसला. म्हणे, "वयनी, भिंत गेल्यावर पुढच्या साली रेती कोणत्या काठाले लागीन?" मी म्हटलं, "मले काय माहीत? सायबाले इचारा." तो म्हणे, "तुमच्याकडं लागली तं?" अन् मंग काहीच बोलला नाई. मांगाचं नसते ना.

तवा मले आठवलं. त्याच्या घरची धाकटी सून पिंकी, ती आपल्या नेरघाटची पोट्टी. तिले सात महिन्यांची मुलगी हाय, भूमिका. म्हणजे आपली भाची.

अजून नुसती बसते, तेबी उशी लावून. पण दिवाळीले वेळ हाय. तवरक उभी राहीन.

प्रयाग